विषय क्रमांक तीन : अन्वीची टोपी

वाहूळांच्या घरात नोकऱ्या गेल्या होत्या, एक साखरपुडा मोडला होता, एका डिसेंबरात बॉयलर फुटून हॉलमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. पण ठरलेली सभा उशिरा सुरू झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आजची सभा साडेअकराची होती. अकराला दहा कमी असताना प्रणय त्या अरुंद स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच राजश्रीने ओळखलं की धाकटा भाऊ मतं मागायला आलाय. काही हवं असलं की हा आधी भांडी पुसायला घ्यायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

“ताई, किती दमतेस गं,” म्हणत त्याने टॉवेल उचललाच. “आईला तेवढं एकदा सांग ना. तुझं ऐकते ती.”

“आई माझं ऐकते? चाळिशी ओलांडलीस, अजून घर कळलं नाही तुला.”

“मी सीरियसली बोलतोय. इंग्लंडचा कॅम्प आहे ताई, इंग्लंडचा! आणि आपण काय करतोय, तर मीटिंग भरवतोय. ब्रॅकनेलला ऑफिसात सांगितलं तर हसतील लोक.”

“मग नको सांगूस.”

हे सगळं ऐकत गॅसपाशी खीर ढवळणाऱ्या आईने, लताने, मागे न बघता दोघांनाही गप्प केलं. “आवाज खाली घ्या. पोर बाहेर बसलीय. आणि प्रणय, ते ताट तू तिसऱ्यांदा पुसतोयस.”

भांडण कशाचं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. राजश्रीची एकोणीस वर्षांची लेक अन्वी स्कॉटलंडमधल्या डंडीत वाढली, तिथेच शिकतेय, आणि डाव्या हाताने बॉल असा फिरवते की समोरची बाई पुढे यावं की मागे जावं या विचारातच बाद होते. गेल्या आठवड्यात तिला दोन बोलावणी आली. स्कॉटलंडने मेअखेरच्या आयर्लंडविरुद्धच्या तीन सामन्यांसाठी तिला थेट मोठ्या संघात घेतलं. त्याच पंधरवड्यात लफबरोला इंग्लंडच्या होतकरू मुलींचा कॅम्प होता आणि त्या यादीतही तिचं नाव होतं. एका वेळी दोन्हीकडे जाणं शक्य नव्हतं. दोघांनाही सोमवारी सकाळी नऊच्या आत उत्तर हवं होतं. आज रविवार, भीमजयंतीचा आदला दिवस.

डंडीची मुलगी इंग्लंडच्या यादीत गेली कशी, याचं मूळ लताच्या हट्टात होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तिचा नियम. राजश्रीने डंडीच्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं, मिडवाइफ ठरली होती. पण आठवा लागायच्या आत आईचा फोन आला आणि ती पोट सांभाळत ट्रेनने लेस्टरला आली. डंडीची मिडवाइफ शेवटपर्यंत विचारत राहिली की दारात हॉस्पिटल असताना कुणी चारशे मैलांवर बाळंत व्हायला कशाला जाईल. तिला डिंकाच्या लाडवांचं महत्त्व कोण समजावणार? तर अन्वी लेस्टरला जन्मली, चाळीस दिवसांनी डंडीला गेली, आणि जन्मदाखल्यावर इंग्लंड लागलं ते कायमचं.

अकराला बुद्धवंदना झाली. खिरीच्या वाट्या फिरल्या. मग बरोबर साडेअकराला सगळे पुढच्या खोलीत बसले आणि आबांनी, म्हणजे काशीनाथ वाहूळांनी, चष्मा चढवला.

ऐंशी वर्षांचा हा माणूस औरंगाबादहून मिलिंद कॉलेजची बी.एस्सी. घेऊन आला आणि तीस वर्षं लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये राबला. युनियनची शाखा चालवता चालवता त्याने ठरवलं की आपलं घरही तसंच चाललं पाहिजे. बाप म्हणतो म्हणून काही होणार नाही. सभा भरेल, कार्यक्रमपत्रिका असेल, इतिवृत्त लिहिलं जाईल, आणि मत दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला, सासऱ्याला जेवढं तेवढंच जावयाला. पहिल्या सभेचा विषय होता, आधी फ्रिज घ्यायचा की टीव्ही. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट लाल पुठ्ठ्याच्या वह्यांत नोंदलेली होती. चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यात पडायच्या, कारण घरात घट्ट झाकणाचं भांडं तेवढंच होतं. लेस्टरच्या इतर मराठी घरांत या सभेची थट्टा व्हायची. आबांना त्याचाही अभिमान होता.

राजश्री चिटणीस. तेराव्या वर्षापासून.

“विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त. मंजूर,” आबा म्हणाले. “विषय दोन, उद्याच्या जयंतीला हॉलवर कोण किती वाजता. मंजूर. विषय तीन, अन्वी. नियम सातप्रमाणे जिचा विषय तिने बोलावं, पण मत देऊ नये. मतदार सात. मी, लता, राजश्री, विक्रांत, प्रणय, कल्याणी, रिस. बोल बाळा.”

अन्वी खिडकीजवळ गालिच्यावर बसली होती, पाय पोटाशी घेऊन. मैदानावर दोन पावलांत येऊन बॉल टाकणारी ही पोर इथे मात्र शब्द चाचपत होती.

“जय भीम सगळ्यांना. म्हणजे... लफबरोचा ईमेल आला तेव्हा मी खूप हॅपी झाली. खोटं नाही बोलत. आणि स्कॉटलंडचा फोन आला तेव्हा मी कार पार्कमध्ये ओरडली. दोन्ही टीम चांगला आहे.” तिने आजोबांकडे पाहिलं, मग पटकन नजर खाली घातली. “आबांना काय वाटतं ते मला माहीत आहे. सो... सभा ठरवेल ते.”

राजश्रीचं पेन वहीवर थांबलं.

हेच तीन शब्द. अठराव्या वर्षी, याच खोलीत, याच खिडकीशी बसून ती हेच म्हणाली होती. तिला दूर डरमला जाऊन इतिहास शिकायचा होता. आबा, आई आणि बारा वर्षांचा प्रणय, अशी तीन मतं पडली होती, तिन्ही लेस्टरच्या फार्मसीला. प्रणयने नंतर कबूल केलं की ताई घरी राहिली तर होमवर्क सोपं जाईल एवढाच त्याचा हिशेब होता. आणि चिटणीस तीच असल्याने ‘ठराव मंजूर’ हे तिने स्वतःच्या, तेव्हा फार वळणदार असलेल्या अक्षरात लिहिलं होतं. फार्मसीने तिचं वाईट केलं नाही. पण सभा ठरवेल ते म्हणताना तिनेही अशीच नजर खाली घातली होती, आणि आज तेच लेक करत होती.

“ताई, लिहितेयस ना?” प्रणय म्हणाला. तो उभाच राहिला होता. “मी इंग्लंडच्या बाजूने बोलतो. आबा, तुम्हीच सांगायचात, तुम्ही इथे आलात तेव्हा या रस्त्यावर भिंतीभिंतींवर काय लिहिलेलं असायचं. मी शाळेत होतो तेव्हा एक बडा पुढारी टीव्हीवर म्हणाला होता, हे बाहेरचे लोक क्रिकेटच्या मॅचला कुणाला चीअर करतात ते बघा, म्हणजे ते कुणाचे ते कळेल. दुसऱ्या दिवशी पोरांनी मला प्लेग्राउंडवर धरलं. हू डू यू सपोर्ट? आठ वर्षांचाही नव्हतो मी. इंडिया म्हटलं तर मार, इंग्लंड म्हटलं तर हसणार.” त्याचा आवाज चिरकला, तो त्याने सावरला. “आज तेच इंग्लंड आपल्या घरात ईमेल पाठवतंय. पुढच्या दारातून बोलावतंय. अँड वी आर गोइंग टू से, थँक्स, आम्ही शेजारी जातो? त्यांच्या छातीवरचे ते सिंह आपल्या पोरीच्या छातीवर दिसू देत एकदा. बस्स. मला एवढंच हवंय.”

राजश्रीला वाटलं होतं की भाऊ पैसा आणि टीव्हीच्या गोष्टी करेल. हे तिला नवं होतं. प्लेग्राउंडचं त्याने घरात कधी काढलं नव्हतं.

“बरोबर बोललास,” आबा हळू म्हणाले. अध्यक्षाने चर्चेत मत दाखवायचं नसतं, हा नियम तीन. तो त्यांनीच मोडला. “पळवणकर बाळूची गोष्ट मी तुम्हाला किती वेळा सांगितलीय?”

“महिन्यातून दोनदा,” लता म्हणाली.

“तरी ऐका. चांभाराचं पोर. डावखुरा, फिरकी, आपल्या अन्वीसारखा. पुण्यात साहेबांना नेटमध्ये दिवसदिवस बॉल टाकला. पुढे हिंदूंच्या संघात घेतला तर त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. संघातले इतर आत कपबशीत पीत होते. आणि एकोणीसशे अकरा साली तोच बाळू या देशात आला, शंभरावर विकेटी काढल्या. इथे, लेस्टरलासुद्धा जिंकून गेला. इंग्लंडने त्याचा बॉल पाहिला, जात नाही पाहिली.” आबांनी चष्मा काढून पुसला. “मी बोटीतून उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात तो होता. त्याच मैदानांवर, त्याच हाताने... माझी नात. मी एवढंच म्हणतो.”

म्हातारा एवढंच म्हणतो म्हणाला की विषय संपतो, हे घराला ठाऊक होतं. प्रणयने बहिणीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. राजश्रीचा नवरा विक्रांत, पवनचक्क्यांच्या कंपनीतला इंजिनिअर, नेहमीप्रमाणे आढ्याकडे बघत होता. बावीस वर्षांत या जावयाने सासऱ्यांच्या विरुद्ध एकही चिठ्ठी टाकली नव्हती. गुप्त मतदान असूनही सगळ्यांना ते माहीत होतं, कारण तो घडी घातलेली चिठ्ठी आबांना दिसेल अशी धरायचा.

“मी बोलू?” रिसने हात वर केला. धाकट्या बहिणीचा, कल्याणीचा, हा नवरा वेल्समधल्या स्वॉन्सीचा, शाळेत भूगोल शिकवायचा आणि शनिवारी गावच्या क्लबकडून खेळायचा. मराठी त्याला जेवणापुरती यायची. बाकी तो इंग्रजीत बोलायचा आणि सभा समजून घ्यायची. “आबा, रग्बीत माझा देश आहे. फुटबॉलमध्ये आहे. क्रिकेटमध्ये नाही. आमच्याकडचं पोर कितीही चांगलं खेळलं तरी वरची टोपी इंग्लंडचीच. बोर्डाच्या नावात वेल्स आहे म्हणतात. पण नावाची ई-सी-बी अशी तीन अक्षरं केली तेव्हा आमचं अक्षर गळालं. आमच्या क्लबातला एक जण तिकडे पोचला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पण पबमध्ये कुणी गायलं नाही. रग्बीच्या दिवशी आम्ही छप्पर उडेपर्यंत गातो.”

“म्हणजे स्कॉटलंड?” प्रणयने विचारलं.

“म्हणजे निवड. आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही, अन्वीला विचारतायत. मला तिचा हेवा वाटतो, एवढंच.” मग त्याने मोठ्या कष्टाने मराठीत भर घातली, “खीर छान आहे, आई.”

“एक मत फिरलं वाटतं खिरीवर,” विक्रांत पुटपुटला.

“दाखला बघ ना पण,” प्रणय पुन्हा उसळला. त्याने फोनवर जन्मदाखल्याचा फोटो काढून आईसमोर धरला. “प्लेस ऑफ बर्थ, लेस्टर. इट्स हर राइट. आई, तूच तर तिला इंग्लंडची केलीस. तू तरी सांग.”

लताने फोन लांब धरून पाहिला, मग परत दिला. “मी हिच्या आईला इथे आणली ती लाडू खायला. इंग्लंडसाठी नव्हे.”

कल्याणी खळखळून हसली. अन्वीसुद्धा हसली, पहिल्यांदाच.

“हसू नका. चाळीस दिवस मी त्या पोरीला तेल लावलं. चाळीस दिवसांत माणूस कुठला होत असेल तर मग मी मुंबईच्या विमानतळाची, तीन दिवस बसले होते तिथे.” लता नवऱ्याकडे वळली. “आणि अहो, सभेत अध्यक्षाने बोलू नये म्हणता ना? तुमच्या बाळूने झाकणच लावून टाकलं डब्याला.”

आबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “चर्चा पुरे. चिठ्ठ्या वाट, राजश्री.”

राजश्रीने चौकोनी कागद उचलले. सात. ती चिटणीस होती. वाटणं तिचं काम होतं. तिने मनात मोजलं. आबा, प्रणय, विक्रांत: इंग्लंड. रिस, कल्याणी आणि बहुधा आई: स्कॉटलंड. सातवं तिचं. म्हणजे आपल्या लेकीचा देश तिच्या हातात होता, आणि लेक समोर नखं खात बसली होती.

डंडीत राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फार्मसीच्या काउंटरवरचा एक म्हातारा बायकोला म्हणाला होता, ‘नवीन बाई आलीय, इंग्लिश आहे.’ राजश्री तिथेच हसू लागली होती. लेस्टरमध्ये जन्मून, वाढून, शिकून तिला उभ्या आयुष्यात कुणी इंग्लिश म्हटलं नव्हतं. त्यासाठी स्कॉटलंडला जावं लागलं. तेव्हाच तिला कळलं होतं की आपण कोण हे दुसऱ्याने ठरवायचं म्हटलं की ज्याच्या मनाला येईल ते तो ठरवतो. आणि आता ती स्वतः तेच करायला निघाली होती, हातात चिठ्ठी घेऊन.

“अध्यक्ष महाराज,” ती म्हणाली. बापाला ती असं फक्त सभेतच म्हणायची. “मतदानाच्या आधी माझी दुरुस्ती आहे.”

“कशाला?”

“नियम सातला.”

“ताई, काय चाललंय?” प्रणय म्हणाला.

“नियम सात म्हणतो, जिचा विषय तिला मत नाही. का, तर स्वतःच्या कामावर मत देणं म्हणजे कौन्सिलमधली लबाडी. आबा, हा नियम तुम्ही युनियनच्या पुस्तकातून घेतला. पण अन्वी कौन्सिलचं टेंडर नाही.” तिने हातातल्या चिठ्ठ्या वहीवर ठेवल्या. “ज्याचा निर्णय त्यालाच मत नाही. दुसरे बसून ठरवणार, तू कुठे राहायचं, काय शिकायचं, कोणत्या कपातून प्यायचं. हजार वर्षं आपलं काय झालं, आबा? दुसरं काय झालं? त्याच्याविरुद्ध उभं राहायला तुम्ही मला शिकवलंत आणि तेच आपल्या नियमात लिहून ठेवलंत. शहाण्णव साली मी इथे बसून सभा ठरवेल ते म्हटलं होतं. मी चुकले होते. माझी दुरुस्ती अशी: जिचा विषय, मत फक्त तिचं. बाकीच्यांनी बोलावं, मत देऊ नये.”

आबांचा चेहरा लाल झाला होता. पन्नास वर्षांत त्यांच्या घटनेला कुणी हात लावला नव्हता, आणि लावला तो चिटणिसाने.

“दुरुस्तीला दोन-तृतीयांश लागतात,” ते कोरडेपणाने म्हणाले. “सातांत पाच. हात वर करून.”

राजश्रीने हात वर केला. रिसचा हात तिच्या आधीच वर होता. कल्याणीचा गेला. लताने पदराला हात पुसला आणि वर केला. चार.

प्रणय हातांची घडी घालून बसला. “मी विरोधात आहे. रागावून नाही, ताई. शी इज नाइन्टीन. मला वाटतं तिला अजून कळत नाही काय हातातून जातंय ते.”

विक्रांतने आढ्यावरून नजर काढून सासऱ्यांकडे लावली आणि तिथेच ठेवली. सगळ्यांच्याच नजरा आबांकडे लागल्या. राजश्रीचा हात दुखू लागला होता. ‘खाली घे आता, म्हातारा नाही ऐकणार,’ असं तिचं मन म्हणत होतं, आणि तरी ती हात खाली घेत नव्हती.

आबांनी तिच्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग अचानक म्हणाले, “डोनल आठवतो कुणाला?”

“तुमच्या लॅबमधला?” लता म्हणाली. “आयरिश. पाटवडी मागून मागून खायचा.”

“तोच. आम्ही दोघं नाइट शिफ्टला असायचो. रेडिओवर क्रिकेट लागलं की तो आवाज बारीक करायचा. मी म्हटलं, अरे इथे कोण आहे? तर म्हणाला, सवय. त्याच्या गावी त्यांच्या देशी खेळांची मोठी संस्था होती. तिचा नियम, की आपल्या माणसाने विलायती खेळ खेळायचा नाही, बघायचासुद्धा नाही. क्रिकेट म्हणजे साहेबाचा खेळ. बघताना सापडलास तर संस्थेतून बाहेर. हा त्यांच्या हर्लिंगमध्ये, काठी-चेंडूच्या खेळात, पट्टीचा, पण जीव क्रिकेटवर. कुंपणामागे लपून बघायचा. एकाहत्तर साली तो नियम गेला. त्या दिवशी डोनल लॅबमध्ये पेढे वाटल्यासारखी चॉकलेटं वाटत होता.” आबा थांबले. “मला म्हणाला, काशी, नियम करणारी माणसं चांगली होती रे. देशासाठीच केला होता. फक्त आम्हाला विचारलं नव्हतं.”

ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. “मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, आमच्यात असं कधी होणार नाही. मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.”

आणि त्यांनी हात वर केला. हळूहळू, खांद्याच्या दुखण्यामुळे जेमतेम कानापर्यंत. पण केला. त्याच क्षणी विक्रांतचा हात असा झटकन वर गेला की कल्याणी पुन्हा हसली.

“सहा विरुद्ध एक,” राजश्री म्हणाली. तिला पुढे लिहिता येईना. वही धूसर दिसत होती. आईने शेजारून नॅपकिन सरकवला. तिने डोळे पुसले आणि मान वर करून बापाकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःच्या हाताने लिहिलेला नियम भर सभेत स्वतःच्या हाताने खोडणारा. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली.

“अन्वी,” आबा म्हणाले, “मत दे. चिठ्ठी हवी का?”

“नको.” अन्वी उठून उभी राहिली. ताठ. आता ती शब्द चाचपत नव्हती. चुकत होती, पण चाचपत नव्हती. “मामा, मला सॉरी. तुझा प्लेग्राउंडचा स्टोरी मला माहीत नव्हता. तू म्हणतोस इंग्लंडला उत्तर देऊ. पण मी बॉल टाकते ना, तेव्हा मी कुणाला उत्तर देत नसते. मी फक्त समोरच्या बॅटरला बघते. इंग्लंडकडून खेळली तर मी प्रत्येक बॉलला तुझा आणि आबांचा उत्तर टाकणार. तो बॉल फिरणार नाही, मामा. खूप जड होईल.” तिने श्वास घेतला. “डंडीजवळ ब्रॉटी फेरीला मी अकरा वर्षांची होती. मुलींचा टीम नव्हता, मी मुलांच्या नेटमध्ये गेली. पाऊस, वारा, पिचवर सीगल बसलेले. तिथे माझा बॉल पहिल्यांदा फिरला. आमचा स्कोरर, म्हातारा, तो म्हणाला, अवर लास. आमची पोरगी. कुठून आली विचारलं नाही, आधी आमची म्हणाला. मी स्कॉटलंड. माझा मत स्कॉटलंड.”

प्रणयने खाली पाहिलं, मग वर. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवण्याची त्याला घाई नव्हती. “जड होईल म्हणतेस,” तो म्हणाला. “असेल. मला कधी वाटलं नाही ते जड आहे. इतकी वर्षं घेऊन फिरतोय ना.” तो पुढे झाला आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. “मी अजूनही विरोधातच आहे, ताई, तसं लिही. आणि आयर्लंडच्या तिन्ही मॅचना मी येतोय, तेही लिही.”

“नऊची मुदत उद्याची आहे,” आबा म्हणाले, “पण झालेलं काम उद्यावर कशाला? लाव फोन.”

अन्वीने लावला. पलीकडे स्कॉटलंडच्या कोच, मॉरग, कुठल्यातरी मैदानावर होत्या. मागून बॅटचा ठकठक आवाज आणि वारा ऐकू येत होता. अन्वीने फोन स्पीकरवर टाकला. हो, ती येणार होती. हो, लफबरोला ती आजच नकार कळवणार होती. पलीकडून आनंदाचा एक चीत्कार आला आणि मग मॉरग जरा जपून म्हणाल्या, “तुझ्या घरी फॅमिली मीटिंग आहे म्हणाली होतीस ना? काय म्हणाले घरचे? त्यांनी परवानगी दिली?”

अन्वीने काही बोलायच्या आत आबांनी हात पुढे केला. तिने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडासमोर सरळ धरला आणि युनियनच्या व्यासपीठावर वापरायचे त्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करत, बोलू लागले.

“मॅडम, मी काशीनाथ वाहूळ. या घरच्या सभेचा अध्यक्ष, आणि तिचा आजा. घरच्यांनी परवानगी दिलेली नाही. ती द्यायचा अधिकार घरच्यांना नाही, असा ठराव आत्ताच झालाय. आम्ही तिला पाठवत नाही. ती येतेय.”

पलीकडे मॉरग हसल्या. “फार छान, सर. मग तेवढं तिला सांगाल का, मंगळवारी दहाला एडिंबरात नेट्स आहेत, आणि मापाला यायचंय, टोपीच्या आणि शर्टाच्या?”

“ते तिलाच सांगा,” आबा म्हणाले, आणि फोन त्यांनी अन्वीच्या हातात दिला.